भोपळ्याचं सूप परकं नाही

'सूप हे आपलं खाणं नव्हे.' मालवण-वेंगुर्ल्याकडच्या स्वयंपाकाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर पडतं. ते म्हणणारी माणसं बहुतेक वेळा या स्वयंपाकावर जीव असलेलीच असतात. त्यात कुणी भोपळ्याच्या सुपाचं नाव काढलं तर विरोधाला आणखी धार चढते. भोपळा वड्यांच्या पिठात मळावा, घारग्यांना किसावा, फार तर भाजी करावी. त्याचं सूप म्हणजे शहरी हॉटेलांनी आणलेलं फॅड, अशी ठाम समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे. तिच्यापायी आपण आपल्याच स्वयंपाकघराचा एक मोठा कोपरा विसरत चाललो आहोत, म्हणून तिला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

विरोधकांची बाजू आधी पुरती मांडते. अर्धवट मांडून खोडणं सोपं असतं आणि त्यानं कुणाचं मत बदलत नाही. ते म्हणतात, सूप साहेबानं आणलं. ते जेवणाआधी चमच्यानं प्यायचं, आणि आमचं जेवण तर भाताभोवती मांडलेलं. ते म्हणतात, गरम सूप प्यायला थंडी लागते, ती या खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात पडतेच कुठे? भोपळ्याला स्वतःची चव नाही, म्हणून त्यात क्रीम, लोणी आणि कसल्या कसल्या वाळक्या पाल्याची भुकटी घालावी लागते. मग त्यात मालवणी काय उरलं? आणि शेवटचा, सगळ्यांना पटणारा मुद्दा: त्यानं पोट भरत नाही. 'पेज आसा मगे, सूप कित्याक?' एवढ्या एका वाक्यात हे सगळं आलं. याच्या मुळाशी एक भीती आहे. पाकिटातल्या भुकट्या आणि गावोगाव एकच चव देणाऱ्या तयार ग्रेव्ह्या यांच्या रेट्यात आपली चव बुडून जाईल, ही ती भीती. ती मलाही आहे. पण भीती खरी आहे म्हणून तिनं पकडलेला आरोपीही खरा ठरत नाही.

'आपलं' आणि 'परकं' यापासूनच सुरुवात करू. कोहळा, दुधी, पडवळ, दोडका या वेली आपल्याकडे फार जुन्या. तांबडा भोपळा तसा नाही. त्याचं कूळ अमेरिका खंडातलं. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातल्या एका गुहेत या कुळातल्या भोपळ्याच्या लागवडीच्या बिया सापडल्या, त्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. १४९२ मध्ये कोलंबस पलीकडच्या किनाऱ्याला लागला, त्याआधी हा भोपळा आपल्या कुणाच्याही परसात नव्हता. पुढे समुद्री व्यापार वाढला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं, आणि त्या खंडातली पिकं एकामागून एक आपल्याकडे रुजली. मिरची तिथलीच. काजू तिथलाच. पेरू, पपई, अननस, बटाटा, रताळं, सगळं तिथलं. आज बेडगी आणि शंकेश्वरी मिरचीशिवाय मालवणी मसाला कुणी भाजून दाखवावा. ओल्या काजूच्या उसळीशिवाय सिंधुदुर्गातल्या चैत्र-वैशाखातलं पान कुणी पुरं करून दाखवावं. ज्या कसोटीवर भोपळ्याचं सूप परकं ठरतं, त्याच कसोटीवर बांगड्याचं तिखलंही परकं ठरेल, कारण त्यातला तांबडा रंग आणि तिखटपणा दोन्ही समुद्रापलीकडून आले आहेत.

हे पीक आपलं झालं ते इथल्या बायकांनी ते मांडवावर चढवलं, कापलं, शिजवलं, त्याला नारळ-गूळ लावला म्हणून. पीक शिजवून आपलं होत असेल, तर त्याचा आणखी एक प्रकार शिजवायचा हक्कही त्याच हातांचा आहे. तो हक्क कुठल्या तरी पिढीपाशी येऊन संपला, असं ठरवण्याचा अधिकार कुणी कुणाला दिला?

यावर लगेच उत्तर येतं की भोपळा आपला झाला हे कबूल, पण सूप नाही झालं. मग माझा प्रश्न असा की आपल्या घरात चुलीवर जे पातळ शिजतं ते काय आहे? उकड्या तांदळाची पेज बघा. सकाळी शेतात राबून आल्यावर दहा-अकराला मीठ घालून, सोबत लोणच्याची फोड किंवा भाजलेला सुका बांगडा घेऊन ती पितात. कुळथाची पिठी बघा: भाजलेल्या कुळथाचं पीठ, लसूण, मिरची, सोलं, थोडं खोबरं, आणि भरपूर पाणी. मुगाचं कढण बाळंतिणीला आणि तापातून उठलेल्याला. आमसुलाचं सार. नारळाच्या रसाशिवायची फुटी कढी. आजाऱ्याला पेजेवरची नुसती निवळ. जगात कुठेही नेऊन ठेवा, हे सगळे प्रकार सुपाच्याच पंगतीत बसतील. फरक इतकाच की यातलं पुष्कळसं आपण भातावर ओतून घेतो. आणि देवाणघेवाण एकाच दिशेनं झाली असंही नाही. पश्चिम किनाऱ्यावरची तांदळाची पेज पोर्तुगीज जहाजांबरोबर गेली, तिकडे कोंबडीच्या रश्श्यात शिजली, आणि पोर्तुगालात आजही आजारी माणसाला 'कांजा' म्हणून दिली जाते. त्यांनी आपली पेज घेतली तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघराचं काही बुडालं नाही.

आणखी जवळचा पुरावा द्यायचा तर खतखत्याचा देता येईल. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात आणि गोव्यात सणासुदीला, उपासाच्या आदल्या-मागच्या दिवसांत, देवळांच्या जेवणावळींत खतखतं होतं. त्यात सुरण, कणगी, शेंगा, इतर भाज्या असतात आणि तांबडा भोपळा असतोच. नारळाचं वाटप, ठेचलेली तिरफळं, सोलं, थोडा गूळ. म्हणजे भोपळा, नारळ, तिरफळ आणि सोल ही चौकडी एका भांड्यात कशी नांदते हे आपल्या आज्यांनी पूर्वीच शोधून ठेवलं आहे. याच किनाऱ्यानं खाली केरळात उतरलं तर तिथे भोपळ्याची नारळ घातलेली एरिशेरी आहे, कोहळा-भोपळ्याचं नारळाच्या दुधातलं ओलन आहे. नारळ आणि भोपळा यांचं नातं या अख्ख्या किनाऱ्यावर पक्कं आहे. मी जे सूप म्हणते आहे ते या कुटुंबातलंच, थोडं अधिक घोटलेलं आणि पातळ केलेलं. त्याला 'भोपळ्याचं सार' म्हटलं तरी माझी हरकत नाही. माझा आग्रह ते घरात व्हावं याचा आहे, नावाचा नाही.

थंडीचा मुद्दा तर मला कधीच समजलेला नाही. देवगडच्या कलमांना मोहोर कशानं येतो? डिसेंबर-जानेवारीतल्या गार रात्रींनी. ज्या थंडीवर अख्ख्या तालुक्याचं वर्षाचं गणित अवलंबून असतं, ती थंडी ताटापुरती अचानक नाहीशी कशी होते? कार्तिकापासून गावोगाव जत्रा सुरू होतात. दशावतार पाहायला लोक देवळापुढच्या उघड्या जागेत, अंगावर घोंगडी-शाली घेऊन पहाटेपर्यंत बसलेले असतात. पहाटे दव इतकं पडतं की गवतातून चालणाऱ्याचे पाय भिजतात. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि याच जिल्ह्यात आहे. तिथल्या माणसाला थंडी पडत नाही असं सांगून पाहावं. किनाऱ्याची थंडी महाबळेश्वरची नाही, मान्य. पण मऊ, दमट, हाडांत उतरणारी ही थंडी म्हाताऱ्या माणसांना आणि दम्याच्या आजाऱ्यांना पुरेशी छळते. आणि समजा थंडी पडलीच नाही तरी काय? वैशाखाच्या उकाड्यातही आपण वाफाळती पेज पितोच. तेव्हा कुणी पंचांग उघडून ऋतू तपासत नाही.

आता भोपळ्याला चव नसल्याच्या आरोपाकडे येते, कारण या वादाचा खरा गाभा तिथे आहे.

बाजारात ज्याची फोड प्लास्टिकात गुंडाळून मिळते तो भोपळा बहुतेकदा पुरता पिकायच्या आधी तोडलेला असतो. त्याचा गर फिका, पाणचट, शिजवला की पाणी सुटणारा. तो खाऊन 'भोपळा बेचव' असा निकाल देणं म्हणजे कैरी खाऊन हापूस आंबट असल्याचं जाहीर करण्यासारखं आहे. जुन भोपळा वेगळा. मृगाच्या सुमाराला आळ्यात बी पडते, पावसाळाभर वेल कुंपणावर, मांगराच्या छपरावर पसरते, आणि भात कापणीच्या आसपास फळ तयार होतं. साल अशी टणक की नख रुतत नाही, देठ वाळून लाकडासारखा झालेला, हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं जड. देठ ठेवूनच तो कापतात, काही दिवस खळ्यात उन्हाला ठेवतात, मग माळ्यावर किंवा पडवीत शिंक्यात टांगतात. देठ मोडला तर तिथून कूज सुरू होते. नीट ठेवलेला भोपळा महिनोन् महिने टिकतो.

आणि नुसता टिकत नाही, सुधारतो. साठवणीच्या काळात त्याच्यातल्या पिठूळ सत्त्वाची हळूहळू साखर होत जाते. ऑक्टोबरात उतरवलेला भोपळा डिसेंबरात कापला की गर गर्द केशरी, कोरडा आणि ठळक गोड लागतो. थंड देशांत या कुळातल्या भोपळ्यांना हिवाळ्याशी जोडतात ते याचसाठी: ते हिवाळ्यात वेलीवर येत नाहीत, हिवाळ्याच्या पोटापाण्यासाठी राखून ठेवले जातात. आपल्या माळ्यावरही हेच घडत आलं आहे. माळ्यावरचा हा भोपळा चतुर्थीची गडबड सरल्यावर, मार्गशीर्ष-पौषात खाली उतरवायचा, कारण त्या दिवसांत तो सर्वांत चांगला लागतो. ज्यांनी तो असा खाल्लेलाच नाही त्यांनी त्याच्या चवीबद्दल शेवटचा शब्द बोलू नये.

शहरातल्या दुकानांतून बटरनट नावाचा लांबट, फिक्या सालीचा भोपळा मोठ्या किमतीला विकला जातो आणि सुपाला तोच हवा असं लिहिणारेही आहेत. त्यांनाही इथे उत्तर द्यायला हवं, कारण 'सूप परकं' म्हणणाऱ्यांच्या हातात कोलीत त्यांनीच दिलं. बटरनट ही जात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९४० च्या दशकात तयार झाली. तिची प्रजाती कुकुर्बिटा मोस्काटा. आपल्याकडचा नेहमीचा तांबडा भोपळाही त्याच प्रजातीतला. म्हणजे कुडाळच्या आठवडी बाजारात आजीबाई पुढ्यात मांडून बसते तो भोपळा बटरनटचा सख्ख्या नात्यातला आहे, आणि बटरनटहून कितीतरी जुना आहे. चांगला जुन भोपळा घरात असताना बटरनटसाठी मुंबईकडे पाहणं म्हणजे दारातला नारळ सोडून डब्यातलं नारळाचं दूध आणणं. तेही आता होतंच.

भोपळा घरात पडून राहण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते कुणी मोकळेपणानं बोलत नाही. अनेक घरांत अख्खा भोपळा किंवा कोहळा बाईनं कापू नये अशी रीत आहे. पहिला वार पुरुषानं किंवा निदान घरातल्या मुलानं करायचा. कोहळा बळीच्या जागी देण्याच्या प्रथेशी तिचा संबंध असावा. पण कोकणातली घरं पिढ्यान् पिढ्या कुणी चालवली? घरचा पुरुष मुंबईत गिरणीत, गोदीत. तो गणपतीला आणि शिमग्याला गावी यायचा. मागे उरलेल्या बाईनं नांगरणीला बैल धरले, लाकडं फोडली, माडावरचे नारळ उतरवून घेतले, कर्ज फेडलं. तिच्या हातात भोपळ्यासाठी कोयता येऊ नये असं सांगणाऱ्या रितीला मी मान देऊ शकत नाही. भोपळा कापायला कुणाची वाट पाहू नका. देठाजवळ कोयत्याचं टोक रोवून एक वार करा, भोपळा उलगडतो. मग आडाळ्यावर फोडी करणं सोपं.

आता क्रीम आणि ओव्हन. हे दोन्ही लागत नाही, हे नुसतं सांगून भागणार नाही, म्हणून कृतीच सांगते.

चार माणसांना जुन भोपळ्याचा साधारण किलोभर तुकडा घ्यावा. बिया आणि तंतू काढावेत, साल ठेवावी, जाड फोडी कराव्यात. गराचा कण जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर तो भोपळा सरळ टाकून द्यावा, कडू भोपळा पोटाला बाधतो. बिडाच्या तव्यावर खोबरेल तेल सोडून फोडी मांडाव्यात, झाकण ठेवून मंद आचेवर भाजाव्यात, मधेच उलटाव्यात. चूल असेल तर निखाऱ्यावर याहून चांगल्या भाजतात. कडांना काळपट डाग पडायला हवेत. पाण्यात उकडलेला भोपळा आणखी पाणी पितो आणि मिळमिळीत होतो. भाजल्यानं त्यातलं पाणी उडतं, साखर किंचित करपते, आणि जी चव आणायला लोक क्रीम ओततात ती आपोआप येते. भाजलेल्या फोडींचा गर चमच्यानं सालीवरून खरवडून घ्यावा.

एक मध्यम नारळ खवून कोमट पाण्यात वाटावा आणि रस काढावा. पहिला दाट रस वेगळा ठेवावा. उरलेल्या चोथ्यात पाणी घालून दुसरा, तिसरा पातळ रस काढावा. पातेल्यात थोड्या तेलावर एक कांदा आणि सात-आठ लसणीच्या पाकळ्या परताव्यात, एखादी हिरवी मिरची मोडून टाकावी, गर घालावा, वर पातळ रस आणि उकड्या तांदळाची वाटीभर मऊ पेज. ही पेज महत्त्वाची. सुपाला जो दाटपणा आणायला बाहेर कॉर्नफ्लॉवर किंवा मैदा वापरतात, तो इथे पेजेनं येतो, आणि चवीलाही ती जास्त प्रामाणिक असते. चार-पाच तिरफळं काळी बी काढून ठेचावीत आणि त्यात सोडावीत. ती वाटू मात्र नयेत, वाटली तर जीभ बधिर होते आणि कडवटपणा उतरतो. शेवटी उचलून टाकावीत. दहा मिनिटं रटरटू द्यावं, मग तिरफळं काढून रवीनं घुसळावं. मिक्सर असेल तर तोही चालेल, रवीच हवी असा माझा हट्ट नाही.

मीठ, मिरपूड घालून आच अगदी कमी करावी आणि दाट रस शेवटी ओतावा. याला उकळी येऊ द्यायची नाही, आली तर रस फुटतो, तेल वर तरंगतं. सोलं थेट पातेल्यात टाकू नयेत, आंबटानंही रस फुटतो. दोन-तीन सोलं कोमट पाण्यात भिजवून त्याचं पाणी वाढताना प्रत्येक वाटीत चमचाभर घालावं. भोपळ्याच्या गोडीला या आंबटाची अत्यंत गरज आहे. भोपळ्याचं सूप मचूळ लागतं अशी ज्यांची तक्रार असते त्यांनी प्यायलेल्या सुपात आंबट नसतं. वरून ठेचलेल्या लसणीची आणि एका बेडगीची खोबरेल तेलात फोडणी.

या पातेल्यात काय परकं आहे ते मला दाखवावं. नारळ, तिरफळ, सोल, उकडा तांदूळ, लसूण, सगळं याच जिल्ह्यात मिळतं. क्रीमची जागा नारळाच्या रसानं घेतली ही तडजोड नाही. भोपळ्याचा केशरी रंग ज्या बीटा-कॅरोटीनमुळे येतो, त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, आणि ते अंगी लागायला सोबत स्निग्ध पदार्थ लागतो. नारळाचा रस ते काम चोख करतो.

आता त्या भीतीकडे परत जाते, की असल्या पदार्थांनी मालवणी जेवण बुडेल. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. तारकर्ली, देवबाग, चिवला किनाऱ्यांवर माणसांची रीघ लागली, घराघरांत राहण्या-जेवण्याची सोय झाली, कुटुंबं त्यावर उभी राहिली. ही चांगली गोष्ट आहे. पण या काळात बाहेरच्या माणसासाठी मालवणी जेवण म्हणजे सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोंबडी-वडे आणि सोलकढीची वाटी एवढंच उरलं. पाहुण्याला तेच हवं म्हणून आपण तेच शिजवलं, आणि हळूहळू आपणही त्यालाच मालवणी म्हणू लागलो. पिठी, खतखतं, आटवल, तवसाची धोंडस, भोपळ्याचं भरीत ही नावं फलकावर कुठे दिसतात? मासे न खाणारा पाहुणा आला तर त्याच्यापुढे पनीरची भाजी ठेवली जाते. मालवणच्या किनाऱ्यावर पनीर! त्या पनीरविरुद्ध कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. सूप मात्र परकं.

मासे माझ्याही जिवाचे आहेत. पण जून-जुलैत मासेमारी बंद असते, श्रावण असतो, मार्गशीर्षातले गुरुवार असतात, एकादश्या, सोमवार असतात. त्या दिवसांची गिनती करू गेलं तर वर्षाचा मोठा भाग हे घर बिनमाशांचं जेवतं. त्या दिवसांचा स्वयंपाक अजिबात दुय्यम नाही. तो दुर्लक्षामुळे आटत चालला आहे, आणि जो स्वयंपाक आटतो तो नवीन पदार्थांना दार बंद करून वाचत नाही. त्यात भर घातली तरच वाचतो. डिसेंबरात तारकर्लीच्या एखाद्या घरी उतरलेल्या पाहुण्याला रात्री वाफाळतं भोपळ्याचं सार, सोबत आंबोळी आणि लसणीची चटणी मिळाली, तर त्याला हा मुलूख माशांपलीकडे कळेल.

आणखी एक गोष्ट जुन्या माणसांच्या मनात असते, बोलून दाखवली नाही तरी. भोपळा गरिबाचा. तो न विकत घेता वेलीवर येतो, शेजारणीला फुकट दिला जातो, आणि घरात काहीच नसलं की शिजतो. म्हणून पाहुण्यापुढे तो ठेवायला लाज वाटते. या लाजेला मी हैतीचं उदाहरण देते. कॅरिबियन समुद्रातल्या त्या बेटावर फ्रेंच मळेवाल्यांसाठी गुलाम माणसं भोपळ्याचं सूप रांधत, आणि ते पिण्याची त्यांना मुभा नव्हती. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. तेव्हापासून दर १ जानेवारीला तिथल्या घराघरांत 'सूप जुमू' शिजतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटलं जातं, आणि २०२१ मध्ये युनेस्कोनं त्याची मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. ज्या पदार्थाशी त्यांचा अपमान जोडलेला होता त्यालाच त्यांनी मानाचं पान केलं. आपल्याला तर भोपळा खायला कुणी मना केलं नव्हतं. आपण आपणहून त्याला कमी लेखलं.

राहिला पोट भरण्याचा मुद्दा. नुसतं पाणीदार सूप पिऊन शेतकऱ्याचं पोट भरणार नाही हे उघड आहे, तसं मी म्हटलेलंही नाही. पेज घालून, अख्ख्या नारळाचा रस घालून केलेलं हे सार भरपूर आधार देतं. त्यातूनही कमी पडलं तर घावणे आहेत, आंबोळ्या आहेत, उकडा भात आहे. पिठी जशी भातावर घेतो तसं हे घ्यावं. वार पाळायचा नसेल त्या दिवशी सुक्या कोळंबीचे सोडे खोबरेल तेलात कुरकुरीत परतून वर टाकावेत, भोपळ्याच्या गोडीला ती खारट चव फार छान जमते. दात नसलेल्या आजीला, तापातून उठलेल्या पोराला, जत्रेत रात्र जागून आलेल्या दशावतारी कलाकाराला यापेक्षा वेगळं काय द्याल? पेज द्याल, हे मला ठाऊक आहे. जरूर द्या. पेजेचा हक्क कुणी काढून घेत नाही, ती तर या पातेल्यातच आहे.

आणि हे सार करायचं तर भोपळा पुरता जुन लागतो, म्हणून एक गोष्ट आपोआप साधते. जुन भोपळ्याच्या बियाही जुन असतात, पेरल्या तर रुजतात. कोवळ्या तोडलेल्या फळाच्या फोडीतून बियाणं मिळत नाही. गावच्या भोपळ्याची चव आज ज्या घरांत टिकून आहे, ती घरं माळ्यावरचं फळ खाऊन बी राखेत घोळवून ठेवणारीच आहेत. आपलं बुडेल या भीतीनं सुपाला विरोध करणाऱ्यांनी आधी आपल्या घरात असं बी शिल्लक आहे का ते पाहावं. नसेल तर आठवडी बाजारात एखादा वाळक्या देठाचा भोपळा नक्की मिळेल, तो अख्खाच घ्यावा.